बर्फावरची कापडी भिंत

साठी उलटल्यावर माणसाने उघड्या बर्फावर, पालथ्या बादलीवर बसून मासे धरू नयेत, असं माझ्या गुडघ्यांचं मत पडलं. एकतीस वर्षं मी शाळेची बस चालवली होती. गुडघे तिथेच निम्मे गेले होते, उरलेले टॅमरॅक तळ्यावरच्या वाऱ्याने नेले. म्हणून त्या वर्षी नोव्हेंबरातलं थँक्सगिव्हिंग उरकल्यावर मी ठरवलं, या हिवाळ्यात तंबू घ्यायचाच. घसरगाडीवर टाकून ओढत नेता येईल, पाच मिनिटांत उभा राहील आणि निघताना मिटून पिशवीत जाईल असा.

हे मी ऑरिनला सांगितलं. ऑरिन माझा शाळेपासूनचा मित्र. विजेचे मीटर वाचत तो सगळी उमर आमच्या तालुक्यातल्या घराघरांत हिंडला. कुणाच्या तळघरात पाणी येतं, कुणाचा कुत्रा चावरा आहे, सगळं त्याला ठाऊक आणि सगळं त्याला सांगायचं असायचं. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको बेव्ह गेली. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून दर शनिवारी सकाळी तो आमच्या दारात उभा असायचा. हातात गळाची आखूड काठी, दुसऱ्या हातात सुपाचा थर्मास.

"तंबू घ्यायचा म्हणजे डोकं ठिकाणावर ठेवून घ्यायचा, व्हर्न," तो म्हणाला. "मी येतो."

पन्नास मैलांवरच्या मोठ्या गावातल्या दुकानात आम्ही गेलो. ऑरिनने त्या दुकानातल्या माणसाकडून पाच तंबू जमिनीवर उभे करून घेतले. एक घसरगाडीलाच जोडलेला होता, बसल्या बसल्या डोक्यावरून टपासारखा ओढून घ्यायचा. त्यात ऑरिन मला घेऊन बसला आणि म्हणाला, "एकट्या माणसाला झकास आहे. पण तुझ्याबरोबर कुणी आलं तर? एकमेकांच्या मांडीवर बसणार का?" मग छत्रीसारखा फटाफट उघडणारा चौकोनी तंबू. त्याच्या काड्या त्याने वाकवून पाहिल्या. हातमोजे घालून दाराची चेन दहा वेळा वरखाली केली. "घरात कुठलीही उघडते. शून्याखाली वीस असताना, बोटं बधिर झाल्यावर उघडते का ते बघायचं." खाली आणि वर हवेच्या खिडक्या आहेत का, अस्तर दुपदरी आहे का, पिशवी खांद्याला लावून किती चालवतं, हे सगळं झालं. मला दुपदरी काळा तंबू आवडला होता, रुबाबदार. ऑरिनने नारिंगीवर बोट ठेवलं.

"काळा नको. बर्फ उडायला लागला की काळा काय, काहीच दिसत नाही. नारिंगी काठावरून दिसतो. कुणाला तू सापडायला हवास ना?"

दुकानातली दोन पोरं आमच्याकडे बघून गालात हसत होती. माझे कान तापले. मी मुकाट्याने नारिंगी घेतला, फक्त तिथून निघावं म्हणून. तरी ऑरिन पिशवीतल्या मेखा हातात घेऊन उभाच. "या कामाच्या नाहीत. बोथट आहेत. जानेवारीच्या बर्फात शिरायच्या नाहीत. आट्यांच्या लांब मेखा घे, सहा."

"पुरे रे बाबा आता," मी म्हणालो.

त्याने त्या स्वतःच घेतल्या. "माझ्याकडे राहतील. आपण जाऊ तेव्हा आणेन."

तंबू छान निघाला. मधोमध बर्फात गळ सोडायला दोन भोकं, कोपऱ्यात छोटी गॅसची शेगडी, अंगातला कोट काढून बसायचं. पण शनिवारमागून शनिवार त्या चार कापडी भिंतींच्या आत ऑरिन माझ्याशी बोलत होता. उघड्या बर्फावर त्याचं निम्मं बोलणं वाऱ्यावर जायचं. आत ते सगळं माझ्याच कानात. दुपारी तो थर्मास उघडायचा. जंगली तांदळाचं सूप, बेव्हच्या पद्धतीने केलेलं. बेव्हच्या हातचं ते सूप चर्चच्या तळघरातल्या जेवणावळीत सगळ्यात आधी संपायचं. ऑरिनच्या हातात ते पिठूळ पाणी व्हायचं. मी एकदा, पहिल्यांदाच, शिष्टाचार म्हणून म्हणालो होतो, "वा, अजून आहे का?" तेव्हापासून थर्मास मोठा झाला.

जानेवारीच्या शेवटी माझा मेहुणा लायल शहरातून आला. लायल माझ्या बायकोचा, अर्डिसचा, धाकटा भाऊ. घरं विकतो, दात पांढरे करून घेतो, हसवतो छान. तो आला की मीही जरा विनोदी माणूस होतो. मला त्याच्याबरोबर तळ्यावर जायचं होतं, आणि ऑरिन नको होता. शुक्रवारी मी ऑरिनला फोन केला. "उद्या राहू दे. गाडीचं काम निघालंय."

"मी येऊ मदतीला?"

"नको, नको. गॅरेजवाल्याकडेच टाकतोय."

सकाळी हवा स्वच्छ होती, पान हलत नव्हतं. आम्ही काठापासून पाव मैलावर तंबू उभा केला, गिरमिटाने दोन भोकं पाडली. पिशवीतल्या मेखा मी ठोकून पाहिल्या. दोन जेमतेम धरल्या, दोन वाकल्या. लायल म्हणाला, "राहू दे की, आपण दोघं शंभर-शंभर किलोचे आत बसणार, कुठे उडतोय?" मीही राहू दिलं. आम्ही आत शिरलो, चेन ओढली, शेगडी पेटवली. लायलने छोट्या रेडिओवर गाणी लावली आणि ब्रँडीची बाटली काढली.

अकराच्या सुमारास तंबूच्या भिंती फडफडायला लागल्या. आम्ही लक्ष दिलं नाही.

"तुझा तो मीटरवाला कुठाय?" लायल म्हणाला. "मागच्या वेळी गोठलेल्या नळावर पाऊण तास भाषण दिलं मला."

"थाप मारून आलोय. म्हटलं गाडी बिघडलीय."

लायल मांडीवर थाप मारून हसला. तिथे मी थांबायला हवं होतं. पण आपल्या बोलण्यावर कुणी हसलं की जीभ सैल सुटते, आणि पोटात ब्रँडी होती. मी ऑरिनचा आवाज काढला, तो मान तिरकी करून बोट वर करतो तसं केलं. "'तंबूला श्वास लागतो, व्हर्न. माणसासारखाच. वरची खिडकी दोन बोटं उघडी ठेव. दोन. तीन नाही.'" लायलच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग मी दुकानातली हकीकत सांगितली, चेन वरखाली करण्याची. मग सूप.

"दर शनिवारी थर्मासभर! भांडी विसळलेलं पाणी बरं. त्याची पाठ वळली की मी भोकात ओततो."

"मासे पितात?"

"म्हणून तर गळाला लागत नाहीत!"

बाहेर बर्फावर काहीतरी खरखर वाजत होतं. थांबून थांबून, तंबूच्या अगदी जवळ. मला वाटलं, शेजारच्या तंबूतला कुणी नवं भोक पाडतोय.

"गोचिडासारखा चिकटलाय," मी म्हणालो. "अर्डिस म्हणते, एकटा आहे, घेऊन जात जा. घेऊन जातो. पण खरं सांगू का लायल, बेव्ह मेली नाही, ती सुटली. चाळीस वर्षांनी बिचारीच्या कानांना विसावा मिळाला."

लायल लगेच हसला नाही. मग हसला. बाहेरची खरखर थांबली होती. थोड्या वेळाने ती पुन्हा सुरू झाली, आधी एका बाजूला, मग मागच्या बाजूला. हळूहळू भिंतींची फडफड कमी झाली आणि तंबू चिडीचूप उभा राहिला.

"वारा पडला वाटतं," लायल म्हणाला.

अर्ध्या तासाने मी लघवीला जायला म्हणून चेन उघडली आणि वाऱ्याने मला मागे ढकललं. वारा पडला नव्हता. बर्फाची भुकटी जमिनीसरशी धावत होती, काठ दिसत नव्हता. एक निळा तंबू गडगडत तळ्याच्या मधल्या भागाकडे चालला होता आणि दोन माणसं त्याच्यामागे धडपडत पळत होती. आमचा तंबू जागच्या जागी होता. चार कोपऱ्यांना आणि वाऱ्याकडच्या दोन्ही बाजूंना आट्यांच्या सहा मेखा बर्फात मुंडीपर्यंत पिळल्या होत्या, दोऱ्या ताणून बांधल्या होत्या. प्रत्येक मेखेच्या मुंडीवर लाल ठिपका होता. बेव्हची उरलेली नखांना लावायची लाली ऑरिन आपल्या सगळ्या हत्यारांना लावायचा, दुसऱ्याच्यात मिसळू नयेत म्हणून.

पावलांचे ठसे काठाकडे जात होते. निम्मे बुजले होते.

लायल माझ्यामागून डोकावला. "हे कुणी बांधलं?"

"मीच," मी म्हणालो. "सकाळी."

सकाळभर तो माझ्याबरोबर होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो सामान आवरायला लागला. मी विसरलेलो नाही ते बघणं.

त्या संध्याकाळी मी मनाला समजावत राहिलो. रेडिओ चालू होता, वारा होता, ऑरिनला उजव्या कानाने कमीच ऐकू येतं. पण कापड ते कापड. त्याचा श्वास मला ऐकू आला नाही कारण मी स्वतःच ओरडत होतो. रविवारी मी फोन केला.

"ऑरिन, त्या मेखा... आभार हं."

"हवेचा इशारा होता रेडिओवर," तो म्हणाला. "काठावरून जात होतो, नारिंगी दिसला."

मी वाट पाहिली. ऑरिनशी फोनवर बोलताना कधी वाट पाहावी लागत नसे. "बरं तर," तो म्हणाला आणि फोन ठेवला. गाडीचं काय झालं, हेसुद्धा त्याने विचारलं नाही.

पुढच्या शनिवारी दारात कुणी नव्हतं. अर्डिसने खिडकीतून दोनदा पाहिलं. "ऑरिन नाही आला?"

"सर्दी झालीय म्हणे," मी म्हणालो. का म्हणालो देव जाणे. तोंडातून निघून गेलं.

अर्डिस ती अर्डिस. तिने दुपारी ओव्हनमध्ये हॉटडिश, म्हणजे खिम्यावर बटाट्यांचा थर, भाजला, टॉवेलमध्ये गुंडाळला आणि गाडी घेऊन त्याच्याकडे गेली. मी तिला अडवू शकलो नाही, अडवायला कारण सांगावं लागलं असतं. तासाभराने ती परत आली. कोट न काढताच स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली.

"सर्दीबिर्दी काही नाही त्याला," ती म्हणाली. "दार उघडलं तेव्हा ठणठणीत होता. मी म्हटलं, व्हर्न म्हणाला तुला सर्दी झालीय. तर एक क्षण माझ्याकडे बघितलं त्याने, आणि खोकला. दोनदा. व्हर्न, चार पोरं वाढवलीत मी. शाळा बुडवायचा खोकला मला कळतो." तिने हातमोजे टेबलावर ठेवले. "तुझं खोटं तो माणूस स्वतःच्या छातीतून काढत होता. काय केलंस तू?"

मी सांगितलं. थाप सांगितली, नक्कल सांगितली, सूप सांगितलं. बोलताना मी टेबलावरच्या मीठदाणीकडे बघत होतो.

"एवढंच?"

"हो."

"एवढ्यावर ऑरिन घरी बसायचा नाही. त्याला मी तोंडावर सांगितलंय, सूप वाईट होतं म्हणून. काय उरलंय?"

मग मी बेव्हबद्दलचं वाक्य सांगितलं. अर्डिस आणि बेव्ह वीस वर्षं चर्चमध्ये एकाच बाकावर बसल्या होत्या. शेवटच्या महिन्यात बेव्हचे केस अर्डिसने विंचरले होते. अर्डिस उठली, झोपायच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. जेवणाच्या वेळी बाहेर आली, ताट वाढलं, म्हणाली, "माझ्या भावासमोर." इतकंच. मला वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

ऑरिनकडे जायला मला आणखी चार दिवस लागले. दोनदा मी त्याच्या रस्त्याच्या तोंडापर्यंत जाऊन गाडी वळवली. तिसऱ्यांदा गेलो तो पोस्टाची गाडी मागे उभी होती म्हणून, वळवता येईना.

तो गॅरेजमध्ये होता. कुणाच्या तरी तंबूचं फाटलेलं कापड जाड सुईने शिवत बसला होता. मला बघून त्याने मान हलवली आणि पायाने एक बादली माझ्याकडे सरकवली. मी बसलो.

"त्या शनिवारी मी जे बोललो..." मी सुरुवात केली.

"ब्रँडी होती," तो म्हणाला.

"ब्रँडी नाही रे. मी होतो."

त्याने दोन टाके घातले. "सूप खरंच ओततोस?"

"हो."

"सांगायचंस की, लेका. मला तरी कुठे आवडतं? आदल्या दिवसापासून तांदूळ भिजवायचा, सकाळी पाचला उठायचं. तू अजून आहे का विचारलंस, म्हणून करत होतो." तो हसल्यासारखा झाला. मला हसता येईना.

"आणि बेव्हचं..." मी म्हणालो.

सुई थांबली. "ते नको."

"मला बोलायला हवं. ते खोटं होतं. हसवण्यासाठी..."

"खोटं नव्हतं," ऑरिन म्हणाला. "तेच तर आहे. मी जास्त बोलतो हे मला काय माहीत नाही? जेवायला बसलो आणि मी लांबण लावली की बेव्ह टेबलाखालून माझा गुडघा दाबायची. मी थांबायचो. लोकांना वाटायचं, संपलं वाटतं बोलणं. चाळीस वर्षं असं चाललं." त्याने कापड उलटलं. "आता कुठे थांबायचं ते मला कळत नाही, व्हर्न. दाबायला कुणी नाही. तुला मी मित्र समजत होतो, वाटलं, तू सांगशील."

मी खाली सिमेंटकडे बघत बसलो. माझ्या रडण्याने त्याच्यावर आणखी एक काम पडलं असतं. त्याने उठून मला धीर दिला असता. म्हणून मी दात आवळून धरले.

"मला माफ कर," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला. "ते टोक धर जरा, ताणून." मी कापडाचं टोक धरलं. शिवण संपेपर्यंत आम्ही तसेच बसलो. मग त्याने दुसरं काम काढलं आणि मी निघालो.

फेब्रुवारीचा मधला आठवडा उलटल्यावर अर्डिसने त्याला जेवायला बोलावलं आणि तो आला. त्यानंतर तो तळ्यावरही यायला लागला, दर शनिवारी नाही, एकाआड एक. थर्मासमध्ये आता कॉफी असते. तंबू आम्ही दोघं मिळून उभा करतो. मेखा मी पिळतो, तो दोऱ्या बांधतो. वरची खिडकी किती उघडायची ते तो सांगत नाही, हात लांब करून स्वतःच उघडतो.

आत शिरून चेन लावली की तो गप्प बसतो. सुरुवातीला मला वाटलं, रागावलाय. राग नाही. विचारलं की नीट उत्तर देतो. मी म्हटलं, यंदा बर्फ कधीपर्यंत टिकेल? पूर्वी हा प्रश्न विचारणं म्हणजे दुपार गेली. आधी सत्याऐंशी सालचा हिवाळा, मग त्याआधीचा. तो म्हणाला, "दोन आठवडे. तीन." आणि भोकाकडे बघायला लागला.

त्या शांततेत मला बसवत नाही. मग मीच बोलतो. बसमधल्या पोरांच्या गमती, लायलचे किस्से, कशाचंही काहीही. तो ऐकतो, योग्य जागी हसतोसुद्धा. माझा आवाज त्या कापडावर आपटून माझ्याच कानावर येतो, तो मला मुळीच आवडत नाही.

अर्डिस म्हणते, त्याने सोडून दिलं, आता तूही दे. असेल. पण गेल्या शनिवारची गोष्ट. एक चांगला हातभर वॉलाय मासा त्याच्या गळाला लागला. तो त्याने वर घेतला, बर्फावर ठेवला, आणि खुशीत येऊन म्हणाला, "अरे, असाच एक मासा त्या पूर्वेकडच्या विधवा बाईच्या न्हाणीघरात होता. मी मीटर बघायला गेलो, तर टबात..."

आणि थांबला.

"टबात काय?" मी म्हणालो.

"काही नाही. लांबण लागेल."

"लागू दे की. सांग ना."

तो माझ्याकडे बघून हसला. वाईट हसू नव्हतं ते; पाहुण्याकडे बघून हसतात तसं होतं. "राहू दे," तो म्हणाला आणि आमिषाच्या डब्याचं झाकण उघडून जिवंत मासोळी शोधायला लागला.

मी आणखी एकदा विचारलं. मग विचारलं नाही.